झडप कधी मिटायची?

मंडळी, गेल्या विकांताला लिहायचं राहूनच गेलं. रिलीज होता, शनिवार-रविवार दोन्ही ऑफिसात गेले. ह्या वेळी मात्र ठरवून लॅपटॉप बंद ठेवला आणि मुलीच्या सायकलमध्ये हवा भरायला बसलो. पंप जुनाच, उभा, दोन्ही पायांनी दाबून धरायचा. दांडा वर ओढला की बाहेरची हवा आत, खाली दाबला की तीच हवा ट्यूबमध्ये. मुलगी बघत होती. म्हणाली, "बाबा, हवेला कसं कळतं आत कुठून यायचं आणि बाहेर कुठून जायचं?"

पंप उघडून दाखवला. आत दांड्याच्या टोकाला चामड्याचा वाटीसारखा वायसर असतो. दांडा वर जाताना वाटीची कड आत दबते, हवा तिच्या बाजूने खाली सरकते. दांडा खाली येताना तीच कड हवेच्या दाबाने फुगून नळीला चिकटते, हवेला परतीची वाट बंद. मग एकच रस्ता उरतो, ट्यूबच्या व्हॉल्व्हमधून आत. म्हणजे हवेला काही कळत नाही. दोन बाजूंच्या दाबातला फरक झडपेला ढकलतो, बस्स.

हे तिला सांगता सांगता मला माझी पहिली नोकरी आठवली, आणि एक तुटलेली लोखंडी चकती. ती गोष्ट कधी कुणाला नीट सांगितलेली नाही. आज सांगतो, पण तिच्यासाठी आधी थोडा इतिहास लागेल. कंटाळा आला तर स्क्रोल करा, माझी हरकत नाही :-)

तर सायकलचा पंप हा सगळ्यात छोटा पिस्टन कॉम्प्रेसर. आता हाच पंप मनाने मोठा करा. सिलिंडर माणूस आत बसेल एवढा, पिस्टनची धाव ३०० मिलिमीटर, मागे भलीथोरली मोटर, आणि मिनिटाला ३०० फेरे. रिफायनरीत, खताच्या कारखान्यात, गॅसच्या लाइनवर अशी मशीनं वर्षानुवर्षं चालतात. सिलिंडरवर काही झडपा गॅस आत घेणाऱ्या (सक्शन), काही बाहेर सोडणाऱ्या (डिस्चार्ज). प्रत्येक झडप दर फेऱ्याला एकदा उघडते आणि एकदा मिटते. ३०० फेऱ्यांच्या हिशेबाने दिवसाला ४ लाख ३२ हजार वेळा. मशीन वर्षाला ८ हजार तास चाललं तर १४ कोटी ४० लाख वेळा. आपल्या कुठल्या सर्व्हरने इतक्या वेळा न चुकता तेच काम केलंय, विचार करून बघा.

प्रश्न एवढाच, की झडपेने उघडायचं कधी आणि मिटायचं कधी हे ठरवायचं कुणी? गॅसने की माणसाने? ह्या एका प्रश्नावर इंजिनिअर लोक दीडशे वर्षं इकडून तिकडे जातायत.

सुरुवात लोहाराच्या भात्यापासून. भात्याच्या पोटात चामड्याची एक झडप असते. भाता फुगवला की ती उघडते, दाबला की मिटते. शेकडो वर्षं कुणाला ह्यापेक्षा वेगळं काही लागलं नाही. अठराव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये लोखंडाच्या भट्ट्या मोठ्या झाल्या, भात्याच्या जागी ओतीव सिलिंडर आले. १७७६ मध्ये जॉन विल्किन्सनने आपल्या भट्टीला वारा घालायला वॉटचं वाफेचं इंजिन लावलं. तरी झडपा मात्र भात्याच्या वंशातल्याच, बहुतेक चामड्याच्या. मशीन सावकाश चालायचं, चामडं सावकाश उघडायचं, दोघांचं जमत होतं.

मग आला आल्प्स. फ्रान्स आणि इटलीच्या मधला मों सनीचा बोगदा, १२ किलोमीटरहून लांब, १८५७ मध्ये सुरू झाला. एवढ्या लांब बोगद्यात मधे हवेसाठी विहिरी खणणं शक्य नव्हतं, वर डोंगरच तेवढा. आत वाफेचं इंजिन न्यावं तर धुराने माणसं मरतील. जर्मेन सोमेये ह्या इंजिनिअरने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी ठरवलं की बाहेर हवा दाबायची, नळाने आत न्यायची आणि तिच्यावर खडक फोडायची ड्रिलं चालवायची. १८६१ पासून ती ड्रिलं आत चालू लागली. आधी अंदाज होता की हाताने खणत बसलो तर पंचवीस वर्षं लागतील. १८७१ मध्ये बोगदा खुला झाला. सोमेये उद्घाटनाच्या दोन महिने आधीच गेला, ते एक.

मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते त्याचं पहिलं कॉम्प्रेसर. त्याला पिस्टनच नव्हता! डोंगरावरून सुमारे २६ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ एकदम खाली सोडायचा, त्याच्या धक्क्याने हवा दाबली जायची. पाणी आत सोडणारी एक झडप, पाणी काढून टाकणारी दुसरी. आता ह्या झडपा पाण्याला आपणहून उघडता येत नाहीत. म्हणून त्याने शेजारी दाबलेल्या हवेवर चालणारं एक छोटंसं इंजिन ठेवलं. त्याचं काम एकच, ठरलेल्या क्रमाने ह्या झडपा उघडायच्या आणि मिटायच्या. म्हणजे कॉम्प्रेसरने बनवलेल्या हवेतली थोडी हवा कॉम्प्रेसरच्याच झडपा चालवायला. आपल्या भाषेत कंट्रोलर तिथे जन्माला आला. अर्थात वेग कासवाचा होता, मिनिटाला मोजके ठोके. लौकरच तिथे दुसऱ्या प्रकारची पंपासारखी मशीनं बसवली गेली.

पुढच्या वीसेक वर्षांत दाबलेली हवा हे फॅड झालं. पॅरिसमध्ये व्हिक्टर पॉप नावाच्या माणसाने शहरभर हवेचे नळ टाकले. आधी रस्त्यावरची घड्याळं चालवायला, मग छोट्या कारखान्यांना शक्ती पुरवायला. (ते हवेचं जाळं १९९४ पर्यंत चालू होतं, खोटं वाटेल पण खरं आहे.) एवढी हवा पुरवायची तर मशीनं वेगाने पळवली पाहिजेत. आणि वेग वाढला की जुन्या झडपा मार खायच्या.

का, ते बघा. पिस्टन टोकाला पोचून उलट फिरतो त्या क्षणी सक्शनची झडप मिटलेली हवी. जड झडप वेळेत मिटत नाही. तोवर पिस्टन परत निघालेला असतो, हवा उलटी धावते, आणि ती धावती हवा झडपेला दाणकन आपटते. वेग दुप्पट केला तर आपटणं दुपटीहून वाईट. चामडं फाटतं, लोखंड फुटतं.

त्यावर तेव्हाच्या शहाण्या माणसांनी जे उत्तर काढलं ते आपण कुणीही काढलं असतं: झडपेच्या भरवशावर राहूच नका, तिला क्रँकला बांधा! बर्लिनचे प्राध्यापक आलोइस रीडलर हे ह्या पंथाचे मोठे पुरोहित. त्यांची झडप उघडायची दाबानेच, पण पिस्टनची धाव संपत आली की क्रँकला जोडलेला एक दांडा येऊन तिला सक्तीने मिटवायचा. रीडलरांचे पंप आणि कॉम्प्रेसर जर्मनीत गेले, अमेरिकेत गेले, पॅरिसच्या हवेच्या कामातही त्यांचा हात होता. अमेरिकेत काही कंपन्यांनी वाफेच्या इंजिनातली कॉर्लिसची फिरती झडप उचलली आणि कॉम्प्रेसरच्या सक्शनला बसवली. तीही क्रँकच्याच तालावर उघडमीट करायची.

पण गंमत अशी, की त्याच मशीनवर डिस्चार्जला मात्र बऱ्याचदा साधी, आपोआप उघडणारी झडपच ठेवलेली असायची. कारण तिथे क्रँकला बांधण्यात एक मूलभूत घोटाळा आहे.

समजा हवा ५ पट दाबायची आहे. पिस्टन धावेच्या एका ठरावीक जागी पोचला की आतला दाब बाहेरच्या नळाइतका होतो. बरोबर तिथेच डिस्चार्ज उघडायला हवा. आता नळातला दाब थोडा कमी झाला, तर ती जागा आधी येते. जास्त झाला, तर नंतर. दाब बदलला, जागा बदलली. दांड्याने बांधलेली झडप मात्र रोज त्याच अंशावर उघडणार. लौकर उघडली तर नळातली हवा उलटी सिलिंडरमध्ये घुसते, उशिरा उघडली तर आत उगाच जास्त दाब चढतो आणि मोटर फुकट घाम गाळते. म्हणजे आपण जिला हार्डकोडेड व्हॅल्यू म्हणतो, ती त्यांनी चक्क पोलादात ओतली होती. साध्या झडपेला हा प्रश्नच पडत नाही. तिला अंश माहीत नाहीत, दाब माहीत आहे. घटना घडली की ती उघडते.

असं असूनही जग रीडलरांच्या बाजूने होतं. आणि इथे आपल्या गोष्टीचा नायक येतो.

हान्स ह्योर्बिगर, जन्म १८६०, व्हिएन्नाजवळचा. आजोबा चर्चमधले ऑर्गन बांधायचे. ऑर्गन म्हणजे तरी काय, भाते आणि झडपाच! पोरगा तरुणपणी लोहारकाम शिकला, मग व्हिएन्नात तांत्रिक शिक्षण, मग ड्राफ्ट्समन, मग कॉम्प्रेसरचा जाणकार. १८९४ मध्ये बुडापेस्टच्या एका कंपनीत लागला. तिथे भट्टीला वारा घालणाऱ्या मशीनचं काम समोर आलं, चामड्याच्या झडपांचं रडगाणं होतंच.

त्याने उलटा विचार केला. झडप वेळेत मिटत नाही कारण ती जड आहे आणि कुठेतरी घासते. मग तिला बाहेरून ढकलायला दांडे कशाला? ती हलकी करा आणि तिचं घासणं काढून टाका. पातळ पोलादी पत्र्याची चकती, तिच्यात गोल खाचा, मधला भाग पक्का धरलेला आणि बाहेरचं कडं पत्र्यातूनच कापलेल्या लवचिक हातांवर तरंगणारं. वर-खाली होताना ते कशालाही घासत नाही, म्हणून तेल नको आणि झीज नाही. उघडायचं तरी किती, काही मिलिमीटर. दाबातला जरासा फरकही एवढ्याशा वजनाला चटकन हलवतो. १८९५ मध्ये त्याने ह्या झडपेचं पेटंट घेतलं.

संपला विषय. पुढच्या काही वर्षांत ते दांडे, ती तरफांची जंजाळं एकेक करून मोडीत निघाली. मशीनं कितीतरी वेगाने धावू लागली. १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊला हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवायचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला, तिथे दाब होता २०० वातावरणांच्या आसपास. इतक्या दाबाची रसायनं पिस्टन कॉम्प्रेसरशिवाय आणि वेळेत मिटणाऱ्या झडपेशिवाय झालीच नसती. आज जगातल्या निम्म्या लोकांचं अन्न त्या खतावर पिकतं असं म्हणतात. त्यातलं थोडं श्रेय ह्या चकतीला द्यायला माझी हरकत नाही.

(ह्याच माणसाने त्याच सुमाराला दुर्बिणीतून चंद्र बघितला आणि त्याच्या डोक्यात आलं की चंद्र बर्फाचा आहे. मग हळूहळू सगळं विश्वच बर्फाचं ठरलं. १९१३ मध्ये त्यावर एक जाडजूड ग्रंथही निघाला. शास्त्रज्ञांनी तो उडवून लावला, पण लोकांना आवडला, आणि ह्योर्बिगर १९३१ मध्ये वारल्यावर नाझींनी तो सिद्धांत डोक्यावर घेतला. दोन मिलिमीटर हलणाऱ्या पत्र्याबद्दल इतका अचूक असलेला माणूस आकाशाबद्दल इतका चुकावा! झडप चुकली की ती फुटून सांगते, विश्व बिचारं काही बोलत नाही, एवढाच फरक असावा. त्याची दोन मुलं, पाउल आणि आटिला, पुढे ऑस्ट्रियाचे नामांकित नट झाले. असो, भरकटलो.)

तर गॅस जिंकला, माणूस हरला. मग माणूस परत कशाला आला? त्याचं कारण मोटर.

वाफेचं इंजिन असताना हवा कमी हवी असेल तर इंजिन हळू चालवायचं. सोपं होतं. विजेची मोठी सिंक्रोनस मोटर आली आणि ती सोय गेली. तिचा वेग ग्रिडला बांधलेला. ५० हर्ट्झवर २० पोलची मोटर मिनिटाला बरोबर ३०० फेरे फिरणार, तुम्हाला गॅस हवा असो वा नसो. (वेग बदलणारे ड्राइव्ह आज मिळतात, पण काही मेगावॅटच्या मोटरला ते महाग, आणि त्या वेळी तर नव्हतेच.) मग जास्तीच्या गॅसचं करायचं काय? सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बायपास. पूर्ण दाबलेला गॅस एका व्हॉल्व्हमधून परत सक्शनला सोडून द्यायचा. कारखान्यात ६० टक्केच गॅस हवा असेल तर उरलेले ४० टक्के दाबायचे, सोडायचे, परत दाबायचे, परत सोडायचे. म्हणजे पाचव्या मजल्यावर पाणी चढवायचं आणि चाळीस टक्के गटारात ओतायचं. विजेचं बिल पूर्ण. हे आजही ठिकठिकाणी चालतं बरं का.

जरा हुशार उपाय म्हणजे सक्शनची झडप मिटूच न देणं. झडपेच्या डोक्यावर काट्यासारखी बोटं असलेला एक तुकडा बसवायचा. हवेच्या दाबाने ती बोटं खाली आली की चकती उघडीच दाबून धरली जाते. पिस्टन येतो, गॅस आत; पिस्टन परत जातो, गॅस जसा आला तसा सक्शनलाच परत. दाबणं नाही, म्हणून वीज जवळपास लागत नाही. ह्याला अनलोडर म्हणतात. पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी गॅस दाबणारे दोन सिलिंडर असतील तर एकूण चार टोकं होतात. एकेक टोक असं रिकामं करत नेलं की १००, ७५, ५०, २५ अशा पायऱ्या मिळतात.

आता माझी गोष्ट.

२००५ च्या आसपास मी एका ऑटोमेशनवाल्या कंपनीत नवीन लागलो होतो. एका कारखान्यात अशाच चार पायऱ्यांच्या कॉम्प्रेसरचं लॉजिक मी लिहिलं. नळातला दाब पडला की एक पायरी वर, चढला की एक पायरी खाली. फार अवघड काही नाही. कारखान्याला लागायचा साधारण ६० टक्के गॅस, म्हणजे ५० वर दाब पडणार, ७५ वर चढणार. मशीन ह्या दोन पायऱ्यांमध्ये वर-खाली करणार हे उघडच होतं. म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं होतं की एकदा पायरी बदलली की १० मिनिटं पुन्हा बदलायची नाही, मधली कसर बायपास भरून काढेल.

मी १० लिहिलं. सेकंद.

टेस्टमध्ये ते पकडलं गेलं नाही, कारण टेस्टमध्ये कोण दहा मिनिटं थांबतो? आणि चालू मशीनवर ते खुपलं नाही, उलट सगळे खूश! दाब कसा सरळ रेषेत होता. साधारण दर चाळीस सेकंदांनी बोटं खाली, बोटं वर. आठ तासांच्या शिफ्टमध्ये सातशेच्या वर वेळा.

तीन आठवड्यांनी एका रात्री डिस्चार्जचं तापमान चढून मशीन ट्रिप झालं. सकाळी मी पोचलो तेव्हा तिथले जुने फिटर, सगळे त्यांना मामा म्हणायचे, सक्शनचा व्हॉल्व्ह उपसून बसले होते. चकतीचा तुकडाच निघाला होता. तो सिलिंडरमध्ये पडून आतल्या भिंतीवर बोटभर खोल ओरखडे उठले होते. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. मेंटेनन्सचे साहेब तिथेच उभे राहून मामांना बोलत होते. महिन्यापूर्वी व्हॉल्व्ह मामांनीच बसवला होता ना, मग नीट बसवला नसणार.

मामा काही बोलले नाहीत. साहेब गेल्यावर मला चकती दाखवली. जिथे बोटं टेकतात तिथे चार चकचकीत खड्डे पडलेले, आणि चीर त्यातल्याच एका खड्ड्यापासून निघालेली.

"गॅसनं उघडली ना साहेब, तर ही कोटी वेळा उघडंल. सगळ्या अंगाला सारखा दाब लागतो तिला. काट्यानं ढकलली की चार ठिकाणी मार. कधीमधी ठीक आहे. पण हिला कुणीतरी लई बडवलंय."

मला साहेब म्हणाले, मी चोवीस वर्षांचा होतो. मी कंट्रोल रूममध्ये जाऊन लॉग काढला आणि पोटात गोळा आला. आमच्या मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, "आत्ता कुणाला काही बोलू नकोस, टायमर बदल, बाकी आपण बघू." मी टायमर बदलला. १० च्या जागी ६००. आणि दोन दिवस कुणाला काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मेंटेनन्सच्या साहेबांकडे लॉगचे प्रिंटआउट घेऊन गेलो. ते बघून "हं" म्हणाले. मामांना कुणी काही बोललं का, मला माहीत नाही. मी बोललो. मामा म्हणाले, "कळलं होतं मला, तुम्ही कंट्रोल रूममधून परत आलात तवाच." आणि चहा मागवला.

त्यानंतर मी ह्या झडपांचं मिळेल ते वाचत गेलो. वाचताना लक्षात आलं, की माझ्यासारख्या प्रत्येकाला जो प्रश्न पडतो (पायऱ्या कशाला, हवं तेवढंच का दाबता येत नाही?) तो जुन्या लोकांनाही पडला होता. उत्तरही सुंदर होतं. दाबण्याच्या धावेत झडप शेवटपर्यंत उघडी धरू नका, थोडा वेळच धरा. पिस्टन तिसरा हिस्सा सरकेपर्यंत गॅस परत जाऊ द्या आणि मग बोटं सोडून द्या. झडप मिटेल, उरलेला गॅस दाबला जाईल. जेवढा हवा तेवढाच, वीजही जवळपास तेवढीच.

पण सोडायचं नेमकं कधी? सुरुवातीला हेही गॅसवरच सोपवलं होतं. बोटं ठरावीक जोराने दाबून धरायची. पिस्टनचा वेग वाढतो तसा परतणारा गॅस चकतीला वर ओढतो. त्याची ओढ बोटांच्या जोरावर मात करते तिथे झडप मिटते. बोटांचा जोर कमी-जास्त केला की मिटण्याची जागा पुढे-मागे. मस्त आयडिया, पण एक मर्यादा आहे. पिस्टनचा वेग मध्यावर सर्वांत जास्त, पुढे कमी होत जातो. मध्यापर्यंत ओढ पुरली नाही तर पुढे ती पुरणारच नाही. म्हणून लोड साधारण निम्म्याच्या खाली नेता येत नसे.

त्यापलीकडे जायचं तर क्रँक कुठे आहे हे कुणीतरी सतत बघायला हवं आणि योग्य मिलिसेकंदाला बोटं सोडायला हवीत. हे १९९० च्या दशकात जमलं, आणि बाजारात आणलं ते ह्योर्बिगरच्याच नावाच्या कंपनीने. हायड्रोकॉम त्याचं नाव. प्रत्येक सक्शन झडपेवर तेलाच्या दाबाने चालणारा एक छोटा अॅक्चुएटर, त्यात विजेवर चटकन उघडमीट करणारा व्हॉल्व्ह, फ्लायव्हीलवर पिस्टनची जागा सांगणारा सेन्सर, आणि मधे कॉम्प्युटर. लोड १०० पासून पार दहा-वीस टक्क्यांपर्यंत, पायऱ्याच नाहीत.

ह्यातलं टायमिंग बघा. ३०० फेरे म्हणजे एक फेरा २०० मिलिसेकंदांचा, दाबण्याची धाव १०० ची. ३०० मिलिमीटर धाव असलेला पिस्टन मध्यावर सेकंदाला ४.७ मीटर वेगाने जातो. म्हणजे बोटं एक मिलिसेकंद उशिरा सुटली तर पिस्टन ४.७ मिलिमीटर पुढे गेलेला, क्षमतेत दीड टक्क्याची चूक. आपल्या सर्व्हरवर गार्बेज कलेक्टर ५० मिलिसेकंद थांबला तर आपण ग्राफकडे बघून खांदे उडवतो. इथे तेवढ्यात अर्धी धाव झालेली असते. त्यात तेल, बोटं आणि चकती ह्यांना स्वतःचा वेळ लागतोच, तो आधीच हिशेबात धरून हुकूम लौकर द्यावा लागतो.

पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. एवढी यंत्रणा असूनही झडपेला मिटवत कुणीच नाही. बोटं फक्त तिला अडवून धरतात आणि सोडतात. मिटवतो गॅस. उघडतोही गॅसच, आणि डिस्चार्जच्या झडपेला तर कुणी हातच लावत नाही. तेलाचा दाब गेला तर बोटं मागे सरतात आणि उरते ती १८९५ ची चकती, आपलं आपण उघडणारी.

पूर्णपणे आपल्या हुकमाने चालणारी झडप करायचे प्रयत्नही झाले आहेत. सॅन अँटोनिओच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटने २००० च्या दशकात इलेक्ट्रोमॅग्नेट वापरून बघितले. त्यांचा मुख्य भर चकती आपटायच्या आधी तिला जरा हळू करण्यावर होता, ती जास्त टिकावी म्हणून. पुढे फ्लोरेन्सच्या न्युओव्हो पिन्योनेने बाहेरून चालवायच्या झडपांवर पेटंटं घेतली. अशी झडप जमली तर सिलिंडरमधली वाया जाणारी जागा कमी करता येते, गॅसला चकती ढकलायला जो दाब खर्चावा लागतो तो वाचतो. फायदे खरे आहेत.

अडचण साध्या गुणाकाराची आहे. झडपेचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर धरा, म्हणजे तळहाताएवढी. दोन्ही बाजूंच्या दाबात ५० बारचा फरक असताना ती उघडायची तर जोर लागणार सुमारे ५ टन. दोन हत्ती बसले आहेत असं समजा, आणि दार काही मिलिसेकंदांत उघडायचंय. तेच दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाल्यावर उघडलं तर बोटाने उघडेल. म्हणून कंट्रोल करणाऱ्याचं जवळजवळ सगळं कसब दाब सारखे होण्याचा तो क्षण अचूक ओळखण्यात जातं. सिलिंडरच्या आत सेन्सर लावा, त्याला लागणारा उशीर मोजा, पुढच्या फेऱ्यात तो क्षण कधी येईल ह्याचा मागच्या फेऱ्यांवरून अंदाज बांधा. लौकर हुकूम दिला तर अॅक्चुएटर अडकतो, उशिरा दिला तर पूर्वीचेच तोटे. आणि साधी चकती तो क्षण काहीच न मोजता ओळखते. रीडलरांचा दांडा जिथे अडखळला, बरोबर तिथेच ही मंडळी सेन्सर घेऊन उभी आहेत.

मला विचाराल तर पुढेमागे हे जमेल. पण कारखान्यातला माणूस वर्षाला चौदा कोटी वेळा चालणाऱ्या गोष्टीच्या बाबतीत फार संशयी असतो, आणि का असतो ते मला चांगलं माहीत आहे.

मामा रोज सकाळी ड्यूटीवर आले की आधी प्रत्येक सक्शन झडपेच्या कव्हरजवळ हात न्यायचे. झडप गळत असेल तर दाबलेला गरम गॅस परत येतो आणि ते कव्हर शेजारच्यापेक्षा गरम लागतं. "ही तापली," म्हणायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर असायचे. पुढे मी तिथे प्रत्येक कव्हरवर तापमानाचे सेन्सर लावून अलार्म करून दिला. मामांनी स्क्रीन बघितला, छान आहे म्हणाले, आणि नेहमीसारखे हात लावायला गेले.

ती तुटलेली चकती मी मागून घेतली होती. अजून कपाटात आहे. मुलीने आज हातात घेऊन विचारलं, "ह्याला भोकं का पडलीयत?" चार खड्डे तिला भोकं वाटली. सायकलच्या मागच्या चाकात अजून हवा भरायची राहिली होती, म्हटलं आधी ते करू, मग सांगतो.